काल की कल

आमच्या ऑफिसात ठिगळ हा मानाचा शब्द होता. कुणी म्हटलं, "आज दोन ठिगळं मारली," की बाकीचे विचारायचे, "बसली का नीट?" नव्या माणसाला वाटायचं, इथं गोधड्या शिवतात की काय! आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. दोन खोल्या, खाली दातांचा दवाखाना. दुपारी खालून कुणी ना कुणी बोंबलायचं आणि वर आमचं टकटक चालू असायचं.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. चिकलठाण्याला कारखान्यांना जागा उरली नव्हती, वाळूजला शेडमागून शेड उभी राहत होती, आणि प्रत्येक शेडच्या मालकाला अचानक कॉम्प्युटर पाहिजे झाला होता. त्याला तो कशाला पाहिजे हे त्यालाही ठाऊक नसायचं. आम्ही सांगायचो, स्टोअरचा हिशेब ठेवा, हजेरी ठेवा. तो म्हणायचा, ठेवा.

मग एकदा प्रोग्रॅम मशीनवर चढवला की दुरुस्त्या सुरू. दुरुस्तीसाठी अख्खा प्रोग्रॅम परत न्यायचा नसतो, नुसती बदलाची फाईल न्यायची. तिच्यात वजाची खूण असलेली ओळ काढायची, अधिकची खूण असलेली तिथं घालायची, आणि जागा सापडावी म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन ओळी. हा पॅच. गिऱ्हाइकाच्या मशीनवर फ्लॉपी घालून एक कमांड मारली की मशीन ती फाईल वाचतं आणि काढघाल आपली आपण करतं. आम्ही कौतुकानं त्याला ठिगळ म्हणायचो, बाकी काही नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात एक स्टोअरकीपर काका होते, भलतेच शिस्तीचे. त्यांना पॅच आकडे घालून द्यायचो. एक दिला, दोन दिला, तीन दिला. चौथा आम्हालाच आवडला नाही म्हणून टाकून दिला आणि पाचवा घेऊन गेलो. गृहस्थ मशीनसमोर दोन्ही हात पसरून उभे. "चार कुठंय?" मी म्हटलं, "काका, चारची गरजच नाय." "गरज नाय कशी? तीनच्या पुढं चार असतो. आधी चार आणा, मग पाचचं बोलू." मी तिथंच तापले, पण ऐकतंय कोण! शेवटी ऑफिसात येऊन आम्ही चार नंबरचा पॅच केला, त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि तो त्यांच्यासमोर मोठ्या इतमामानं बसवला. तेव्हा कुठं पाच आत गेला.

त्या दिवशी आमच्या भाईनं दोन गोष्टी ठरवल्या. भाई म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार माणूस, जुन्या शहरातला, घरी दख्खनी बोलणारा. मराठी त्याला सगळी कळायची, पण तोंड उघडलं की दख्खनीच. पहिली गोष्ट, पॅचला इथून पुढं नंबर द्यायचा नाही. "नंबर दिया तो लोगां नंबर के पीछे लगते," म्हणाला. दुसरी, गिऱ्हाइकाच्या हातात एकच पॅच द्यायचा, मग आतून आमचे दहा का असेनात.

ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी त्यानं एक कमांड लिहिली. तिचं नाव मी ठेवलं: सांधा. लागोपाठचे दोन पॅच घ्यायचे आणि त्यांचा एक करायचा, एवढंच तिचं काम. पहिल्या पॅचनं एक ओळ बदलली, दुसऱ्यानं तीच ओळ पुन्हा बदलली, तर मधली भानगड गिऱ्हाइकाला दाखवायची कशाला? सांधा मधलं गाळायचा. सुरुवातीला काय होतं आणि शेवटी काय झालं, तेवढंच ठेवायचा. सांधा असं टाइप करायचं, पुढं आधीच्या पॅचचं नाव, मग नंतरच्या पॅचचं, एंटर. दोघांनी एकाच ओळीला हात घातला असेल तर जो नंतर लिहिलाय तो खरा. काम झालं की पडद्यावर यायचं, "हो गया". सांधा कधी काही विचारायचा नाही, कधी अडायचा नाही. लई गुणी वाटायचा आम्हाला.

मी देवगाव रंगारीची, शेतकऱ्याची लेक. माझा राग नाकावर, तो घरातल्या सगळ्यांना माहीत होता म्हणून शहरात पाठवताना आई म्हणाली होती, "तिथं कुणावर खेकसू नको." पहिल्या आठवड्यातच मी भाईवर खेकसले. तो हसला आणि म्हणाला, "बहेन, चाय पी ले." तेव्हापासून आमचं जमलं. एरवी मी त्याला तुम्ही म्हणायची, चिडले की तू.

आम्हा दोघांशिवाय ऑफिसात ताई होती. ती कागदावरचे आकडे मशीनमध्ये भरायची, आणि इतक्या वेगात की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. ताई छावणीत, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या वस्तीत राहायची. मी तिच्याच शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. वडिलांना मी छावणीत राहते एवढंच सांगितलं होतं. शेजार कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगायला गेले नाही.

ताईचं बी.ए. होऊन बरीच वर्षं झाली होती. तिला बी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. शिकवलंही असतं, झकास शिकवलं असतं, पण बी.एड.ला प्रवेश घ्यायचा तर आधीच्या कॉलेजातून टी.सी. पाहिजे, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. तो तिनं आणलाच नव्हता.

का, ते सांगायला हवं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा मी शाळेत होते. ठरलं आणि सगळा मुलूख पेटला. एक बाजू म्हणायची, ज्यांनी आम्हाला माणसात आणलं त्यांचं नाव द्या. दुसरी म्हणायची, आमच्या मुलखाचं नाव काढू नका. गावोगाव घरं जळाली, माणसं गेली, आणि नाव बदलायचं तसंच लटकून राहिलं. जळालेली घरं एकाच बाजूची होती, हेही बोललं पाहिजे. आमच्या गावात पारावर काय काय चालायचं ते मी ऐकलंय, आणि उलट बोलले म्हणून पाठीत धपाटेही खाल्लेत. ताईचे वडील त्या लढ्यात पहिल्यापासून. जेलात जाऊन आलेले. त्यांना सगळी छावणी मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायची.

ताई बी.ए. पास झाली तेव्हा मामा म्हणाले, "दाखल्यावर वर विद्यापीठाचं नाव छापत्यात ना? मंग नवं नाव लागू दे. तव्हा आणू." मी एकदा ताईला म्हटलं, "अगं, मामांचं वय झालं, त्यांचा हट्ट समजला. पण तू कामून अडकून बसलीस?" ती आकडे भरता भरता म्हणाली, "त्यांचा हट्ट असता तर मी कधीच गपचूप जाऊन आणला असता. माझा पण हाय." गप्प बसले, आणि मी गप्प बसले हे भाईनं दिवसभर आल्यागेल्याला सांगितलं.

आणि मग संक्रांतीला ते झालं. नवं नाव पुढं, जुनं मागं, दोन्ही राहणार. सरकार त्याला नामविस्तार म्हणालं. ताई म्हणाली, "विस्तार तर विस्तार," आणि डब्यातले तिळगूळ सगळ्यांच्या हातावर ठेवत सुटली. खाली जाऊन दातांच्या डॉक्टरलाही देऊन आली. दात धरून बसलेल्या पेशंटलाही दिला म्हणे.

शहरात कडक बंदोबस्त. दुकानं निम्मी बंद, बसगाड्यांचा भरवसा नाही. त्यातच आमच्या साहेबांना, म्हणजे ऑफिसच्या मालकांना, ताईच्याच कॉलेजातून फोन आला. साहेबांच्या मेव्हण्याच्या ओळखीनं त्या कॉलेजचं दाखले छापायचं काम आमच्याकडं होतं. कॉलेज उघडताच नव्या नावानं दाखले निघाले पाहिजेत, जुन्या नावाचा एक जरी निघाला तर दंगा होईल, असा निरोप. निरोप देणारे तिथले हेडक्लार्क. ते मशीनला भयंकर जपायचे. खोलीत चपला बंद, पडद्याला रोज हळदीकुंकू, आणि गुरुवारी हार. त्यांची अट एकच: "एक फ्लॉपी आणा, एकदा काय ते करा. दुसऱ्यांदा मशीनला हात लावू देणार नाय. घडी घडी उघडलं की ते बिघडतं."

साहेबांनी काम भाईला दिलं. दोन दिवस तो त्याच्यावर बसला. पहिल्या दिवशी नुसता प्रोग्रॅम वाचत होता, हे मला मागून कळलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे दोन पॅच तयार झाले. तेवढ्यात त्याच्या गल्लीतून कुणीतरी सांगत आलं की अंधाराच्या आत घरी या, घरचे काळजी करतायत. भाई उठला, फ्लॉपी माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाला, "दो हैं. जोड के एक बना दे. मैं सुबा सीधा कॉलेज आता," आणि सायकल काढून गेला. त्याच्या घरी फोन नव्हता.

फ्लॉपीत दोन फाईली. एकीचं नाव ए-ए-जे. दुसरीचं के-ए-एल. नंबर द्यायचे नाहीत ना, म्हणून वारांची नावं द्यायचा, महिन्यांची द्यायचा, एकदा तर भज्यांची दिली होती. आता आज आणि काल. मी म्हटलं, चला, सोपं आहे. दोन दिवस काम केलंय. एक कालचा पॅच, एक आजचा. आधी काल, मग आज. कुणीही शहाणी बाई हेच म्हणेल. मी टाइप केलं: सांधा, काल, आज. एंटर. पडद्यावर आलं, हो गया.

छापून बघायचं तर आमच्या प्रिंटरची रिबन पार विटलेली, आणि रिबनवाल्याचं दुकान बंद. पडद्यावर दाखला बघायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, सगळं थेट कागदावर. तरी मी पॅच उघडून ओळ बघितली. जुनं नाव वजा, नवं नाव अधिक. नव्या नावाची सगळी अक्षरं जाग्यावर. ताईला बोलावून दाखवलं. तिनं खुर्ची ओढली आणि ती एक ओळ वाचत बसली. मग म्हणाली, "उद्या पहिला माझा काढायचा हं. मामांना घेऊन येते."

सकाळी मामा आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. बंद गळ्याचा कोट, आणि पायात नवे बूट, जे हेडक्लार्कनी दारातच काढायला लावले. मामा जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीला रूळ बदलून देणारे. इंग्रजी वाचायचे ते एकेक अक्षर करून, मालगाडीच्या वाघिणींवरची अक्षरं वाचून वाचून शिकलेले. भाई आधीच येऊन बाकावर बसला होता, झोप झाली नसल्यासारखा. ताई ठेवणीतली साडी नेसली होती आणि घडोघडी पदर सारखा करत होती. मला इतकं छान वाटत होतं की मी हेडक्लार्कवरसुद्धा खेकसले नाही.

फ्लॉपी घातली. पॅच मारला. प्रोग्रॅम नव्यानं बांधला. हेडक्लार्क प्रत्येक एंटरला डोळे मिटत होते. मग त्यांनी छापील नंबरचा कोरा फॉर्म प्रिंटरला लावला, मी ताईचा नोंदणी क्रमांक घातला, आणि प्रिंटर करवतीगत करकरत सुरू झाला.

कागद बाहेर आला तो ताईनं घेतला नाही. मामांच्या हातात दिला. मामांनी चष्मा लावला, वरच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं एकेक अक्षर वाचायला लागले. पहिला शब्द झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला. "डी... के... ए..." आणि बोट थांबलं. कागदावर पुढं पांढरं होतं.

मामा म्हणाले, "आर कुठाय?"

मी वाकून बघितलं. नाव शेवटच्या अक्षराआधी तुटलं होतं. आणि त्याच्या पुढं आमच्या मुलखाचं नाव असायला पाहिजे होतं, तेही नाही, विद्यापीठ हा शब्दही नाही. जुन्या नावाला जेवढी जागा होती तेवढ्याच जागेत मशीननं नवं नाव कोंबलं होतं, मावलं तेवढं ठेवलं आणि उरलेलं टाकून दिलं. हेडक्लार्कनी कपाळावर हात मारला. "अहो मॅडम! एका बाजूचे म्हणतील आमचं नाव तोडलं, दुसऱ्या बाजूचे म्हणतील आमचं खाल्लं. मला दोन्हीकडून मारतील हो!" त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्या मुलखाला एका ओळीत चिडवायची सोय आम्ही करून ठेवली होती.

ताई नुसती कागदाकडं बघत होती, आणि तिचा चेहरा बघून माझा जो भडका उडाला तो सगळा भाईवर. "रुंदी वाढवली नाय तू! दोन दिवस काय माशा मारत होतास?"

"कैकू चिल्लारी?" भाई उठला. "बढाया ना मैं! कल में बढाया!"

"काल वाढवली म्हणतोस, मग आज परत कमी कामून केलीस?"

"आज में कम नै किया! आज में खाली नाम डाला, जगा पुरानीच रक्खी. फिर कल में जगा बढाया."

"काल आजच्या आधी असतो!"

"कल आज के बाद आता!"

हेडक्लार्क म्हणाले, "ह्यांचं डोकं फिरलं." आणि तेवढ्यात ताई खुदकन हसली. इतक्या वर्षांचा दाखला हातात येता येता तुटला होता, आणि ती हसली. "अगं येडे," मला म्हणाली, "त्याचा कल म्हंजे उद्या."

झालं होतं ते असं. भाईनं दोन्ही पॅच एकाच दुपारी लिहिले. एक आजचा, ऑफिसात बघण्यापुरता, त्यात फक्त नाव बदललेलं. दुसरा त्याच्यावर चढवून कॉलेजात नेण्याचा, उद्याचा, त्यात त्याच ओळीत जागाही वाढवलेली. उद्याला तो कल म्हणतो, कारण त्याच्या घरी उद्याला कलच म्हणतात. आणि मी देवगावची, मला के-ए-एल दिसलं की काल. मी कल आधी घातला, आज नंतर. सांध्यानं नेहमीसारखं नंतरचं खरं धरलं, वाढवलेली जागा गाळून टाकली, आणि वर म्हणाला, हो गया!

"ही कसली भाषा तुमची?" मी म्हटलं. "गेलेला दिवस पण कल, येणारा पण कल! उद्याला एक वेगळा शब्द नाय ठेवता आला?"

"और तुम्हारा परवा?" भाईनं लगेच काढलं. "गया सो भी परवा, आने वाला भी परवा! मैं कुछ बोला कभी?"

मी आवाज आणखी चढवला. "नाव नीट तरी लिहायचंस!"

"नीटच लिखा! आज में दो ए डाला ना मैं? काल होता तो काल में भी दो ए डालता. कल है, इसलिए एक डाला. गिन ले!"

मी मोजले. खरंच एकच होता. पण फाईलच्या नावातले ए कोण मोजतं? मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, चूक भाईची. भाई आजही म्हणतो, माझी. एवढ्या वर्षांत आमचं ह्यावर एकमत झालेलं नाही आणि व्हायचं नाही. ताई तेवढं एक म्हणाली ते मात्र दोघांनाही मान्य करावं लागलं: "दोघंबी दिवसभर आजकाल आजकाल करता. कालआज कुणी म्हणतं का? जसं बोलता तसंच टाइप करायचं होतं की."

आता दुरुस्ती. पॅचची एक चांगली गोष्ट असते, तो उलटा मारता येतो. अधिकचं वजा होतं, वजाचं अधिक, आणि प्रोग्रॅम होता तसा होतो. चुकीचा सांधा उलटा मारायचा, दोन्ही पॅच नीट क्रमानं सांधायचे, आणि नवा पॅच बसवायचा. दोन्ही पॅच आणि सांधा फ्लॉपीत होतेच, आमचं दहा मिनिटांचं काम. पण हेडक्लार्क मशीनसमोर आडवे. "ठरलं होतं, एकदाच! आता माझ्या प्रेतावरून जा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी हात वर केला. शांतपणे म्हणाले, "साहेब, मी रेल्वेत होतो. गाडी चुकीच्या लायनीवर गेली तर म्या तशीच पुढं जाऊ दिली असती का? मागं घ्यायची, सांधा बदलायचा, मंग सोडायची. त्यात रुळाचं काय बिघडतंय?" रूळ बदलायच्या जागेलाही सांधाच म्हणतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हेडक्लार्क घुटमळले. मग म्हणाले, "चहा सांगतो. चहा येईस्तोवर उरका. नंतर नाय."

मी खुर्ची भाईला दिली. तो म्हणाला, "नक्को, तूच बैठ." मी चुकीचा पॅच उलटा मारला. पडद्यावर प्रोग्रॅमच्या त्या ओळीत जुनं नाव परत आलं, आणि ते बघून मामांनी तोंड फिरवलं. मग मी टाइप केलं: सांधा, आज, कल. एंटरवर बोट ठेवून भाईकडं बघितलं. तो म्हणाला, "हौ." ताईकडं बघितलं. तीही म्हणाली, "हौ." मारला. पॅच उघडून ह्या वेळी मी ओळीतली जागाही मोजली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग बसवला.

हेडक्लार्कनी दुसरा फॉर्म लावला. चहा आला होता, पण कप कुणी उचलला नाही. प्रिंटर पुन्हा करकरला, आणि ह्या वेळी त्याचं डोकं त्या ओळीवर लांबवर गेलं, खूप लांबवर. तेवढ्यानंच मला रडू यायला लागलं. का ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरातलं कुणी त्या नावासाठी जेलात गेलं नव्हतं, उलट पारावर बसून नको म्हणणाऱ्यांत माझे सख्खे चुलते होते. पण आलं रडू.

मामांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. डी... के... ए... आणि तिथं ते थांबले, आणि मी घाबरले, पण ते मुद्दाम थांबले होते. चष्म्यावरून आमच्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "आर." मग पुढचं, मुलखाचं नावही, तितकंच सावकाश, एकही अक्षर न गाळता वाचलं. विद्यापीठ संपेस्तोवर वाचलं. कागद ताईच्या हातात दिला आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. भाईनं टाळ्या वाजवल्या. मशीनच्या खोलीत टाळ्या वाजवू नयेत असं हेडक्लार्क म्हणाले, पण हसत म्हणाले.

मग त्यांनी पहिला फॉर्म उचलला, तुटलेल्या नावाचा. छापील नंबरचा कागद फाडून चालत नाही, त्यावर रद्दचा शिक्का मारून तो फाईलला लावावा लागतो. त्यांनी शिक्का पॅडवर दाबला आणि कागदाच्या वरच्या ओळीवर नेला.

मामांनी त्या ओळीवर आपला पंजा ठेवला. "नावावर नाय."

"मामा, नियम हाय. आणि ते नाव तरी कुठं पुरं हाय? अक्षर तुटलंय त्याचं."

"तुटलं तरी नाव हाय."

हेडक्लार्क शिक्का हवेत धरून उभे. शिक्का वर मारायची पद्धत, खाली प्राचार्यांच्या सहीची जागा, तिथं मारता येत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भाईकडं. ह्याला काही कमांड नव्हती.

ताई पुढं झाली. तिनं कागद टेबलावर सरळ केला आणि मधल्या ओळीवर बोट टेकवलं. तिथं तिचं स्वतःचं नाव होतं, मधे वडिलांचं, मग आडनाव. अक्षर न् अक्षर पुरं.

"हितं मारा," ती म्हणाली. "माझ्या नावावर मारा."

हेडक्लार्कनी मामांकडं बघितलं. मामांनी वरच्या ओळीवरचा पंजा काही काढला नाही. नुसती मान हलवली. शिक्का बसला, चांगला दणदणीत. ताईनं वाकून शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, आणि मग बापाकडं बघून म्हणाली, "बघा, तुमचं नाव पण गेलं त्याच्यात."

"जाऊ दे," मामा म्हणाले. "बी.एड.चा फॉर्म कुठं मिळतो ते इचार आता."